यल्लूआईचा बांध

फार वर्षांपूर्वी, तिसवाळ गावाचं खाजण जेव्हा अजून समुद्राचं होतं, तेव्हाची ही गोष्ट. खाजण म्हणजे खाडीकाठची खारी, सखल जमीन. भरती आली की तिच्यावर पाणी, ओहोटी लागली की चिखल आणि कुर्ल्या-खेकडे. बांध घालून खाडी अडवली तर तिथे भात पिकेल, हे गावाला ठाऊक होतं. पण कमरेएवढ्या चिखलात उतरून बांध घालणार कोण? गावातले हात तेवढे नव्हते, आणि जे होते त्यांना आपापली कामं होती. मग गावकाराने घाटावर निरोप धाडला.

घाटावर त्या साली पाऊस नव्हता. विजापूर अंगाकडची मातीकाम करणारी माणसं पोटामागे निघाली आणि घाट उतरून तिसवाळात आली. बायका, पोरं, कुदळी, पाट्या आणि डोक्यावर जोंधळ्याची गाठोडी. त्यांच्यात एक यल्लव्वा होती. नवरा वाटेत तापाने गेला होता, पदरात निंगी नावाची लेक होती. यल्लव्वा उंच होती, असं म्हणतात. इतकी उंच, की ती चिखलात उभी राहिली तरी काठावरच्या बाईच्या डोळ्याला डोळा भिडायचा.

आता ऐका, गावाची एक रीत होती. गावाबाहेरचा कुणी, ज्याला देवाने कौल दिला नाही, त्याने रात्री गावात झोपायचं नाही. कौल कसा लावतात ते तुम्ही पाहिलंच आहे. देवाच्या पाषाणाला तांदूळ चिकटवतात. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. गावकार रवळूने या माणसांसाठी कौल लावला. म्हणाला, "देव म्हणता, काम पुरां होवंदे, मगे बघूया. तवसर वायच थांबा." वायच म्हणजे जरासं. तांदूळ उजवा पडला की डावा, ते रवळूलाच दिसलं, कारण पुढे तोच बसला होता.

म्हणून त्या लोकांनी आपली पालं खाडीच्या अंगाला ठोकली, जिथे नेहमीच्या भरतीचं पाणी पोचायचं नाही अशा उंचवट्यावर. दिवसभर ती गावासाठी राबायची आणि दिवस मावळला की डोंगराच्या कडेने वळसा घालून बाहेर जायची. विहिरीला त्यांनी हात लावायचा नव्हता. इठाबाय नावाची गावातली एक बाई काठावर उभी राहून त्यांच्या घागरीत वरून पाणी ओतायची. मिठाने त्यांच्या टाचा फुटल्या, बोटांच्या बेचक्या सडल्या. गावातली माणसं बघायची आणि म्हणायची, "तेंका सवय आसता." दुसऱ्याच्या पायाला कसली सवय असते हे सांगणं नेहमीच सोपं!

यल्लव्वा गावकाराला गौडा म्हणायची. तिच्या मुलखात गावच्या मोठ्या माणसाला तसंच म्हणतात. तिला दुसरं काही नको होतं. निंगीला खोकला लागला होता, खाडीवरचा ओला वारा तिच्या छातीत बसला होता. यल्लव्वाला लेकीसाठी आतल्या कोरड्या जमिनीवर झोपायला जागा हवी होती. एखाद्या गोठ्याचा कोपरा चालला असता.

"गौडा, पोरीला तरी आत घे की," ती म्हणायची.

"वायच थांब," रवळू म्हणायचा. तो काही क्रूर माणूस नव्हता, असं म्हणतात. त्याच्याही घरात पोरं होती. थांब म्हणायला त्याला काही लागत नव्हतं, एवढंच.

बांधाचं काम कसं चालायचं? चिखलाची मोठी ढेपळं कापायची, आणि माणसांची रांग लावून एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्यायची. कुणी जागचं हलायचं नाही. हलला तो रुतला. शेवटच्या माणसाने ढेपूळ बांधावर ठेवायचं. रांगेच्या शेवटी यल्लव्वा, कारण तिचे हात वर पोचायचे. ती कसलं तरी गाणं म्हणायची आणि त्या तालावर ढेपळं चालायची. गावातल्या बायका म्हणायच्या, ते चिखलाचं गाणं की अंगाई, कळत नाही.

बांध दोन्ही डोंगरांकडून वाढत आला आणि मधे एक खांड राहिली. शेवटची खांड बुजवायची ती अष्टमीच्या सुमाराला, जेव्हा भरतीला जोर नसतो. फाल्गुन वद्य अष्टमीला ती बुजली. गावाने नारळ फोडला. पोरं नाचली. पाडवा जवळ आला होता, नवं वर्ष गोड्या जमिनीवर उजाडणार होतं.

यल्लव्वा निंगीला काखेत घेऊन रवळूपुढे आली. "काम झालं, गौडा. आता आम्ही आत येतो."

रवळू म्हणाला, "बांध अजून ओलो आसा. ओल्या बांधार पाय पडलो तर खचतलो. सुकाक दी. पाडव्याक कौल लावतंय. वायच थांब."

आता यात एक गोष्ट होती, ती त्या घाटावरच्या माणसांना उमगली नाही. कशी उमगावी? त्यांनी तळी बांधली होती, नाले अडवले होते, पण समुद्र अडवलेला नव्हता. इतके दिवस उधाणाचं पाणी आलं की ते खांडीतून आत शिरायचं, सगळ्या खाजणावर पसरायचं, आणि बाहेरचा उंचवटा कोरडा राहायचा. आता खांड बुजली होती. पसरायला जागा उरली नव्हती. ते सगळं पाणी बाहेरच चढणार होतं, पालांवर. त्या माणसांनी आपल्या हातांनी समुद्राला आपल्या दारात आणून बांधलं होतं.

गावातल्या म्हाताऱ्यांना हे ठाऊक होतं का? कुणी म्हणतं, ठाऊक होतं. कुणी म्हणतं, लक्षातच आलं नाही. माझं विचाराल तर प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कुणी सांगितलं असेल. गावं अशीच असतात. माणूस बुडतो तेव्हा बुडवणारा कुणी सापडत नाही.

अमावास्या आली. उधाण भर दुपारी येतं. खाडीचं पाणी समोरून लाट होऊन येत नाही, ते आधी ओहळांतून मागल्या बाजूने शिरतं. पालांतली माणसं समुद्राकडे तोंड करून भाकऱ्या खात होती, तेव्हा त्यांच्या आणि डोंगराच्या मधे पाणी भरून झालं होतं. डोंगराची वाट गेली. चुली विझल्या. माणसं पोरं उचलून बांधाकडे धावली, कारण उंच असं तेवढंच होतं.

आणि बांधाच्या आतल्या अंगाला सगळं गाव उभं होतं. गाव पळत आलं होतं ते बांध टिकतो का बघायला.

"बांधार पाय नको!" रवळू ओरडला. काही जणांच्या हातात काठ्या होत्या. "कोणी चढा नको! बांध फुटलो तर आमच्या जमनीचा मीठ होतला!"

पाणी कमरेला लागलं होतं. बांधावर चढायला दहा पावलं पुरली असती, पण दहा माणसं चढली असती तर बांध गेला असता, हेही खरं. ते खरं नसतं तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

यल्लव्वा बांधाला पाठ लावून उभी राहिली आणि तिने आपल्या माणसांना हाक दिली. ती हाक त्यांना रोजची होती. त्यांनी पाण्यातच रांग लावली. आणि ढेपळं द्यायची तशी त्यांनी आपली पोरं हातातून हातात द्यायला सुरुवात केली. शेवटी यल्लव्वा. ती पोर डोक्यावर धरायची आणि बांधाला न टेकवता पलीकडे धरायची.

पण पलीकडे घेणारं कुणी पाहिजे ना? पहिलं पोर तिच्या हातांवर लोंबकळत राहिलं, रडत. गाव रवळूच्या तोंडाकडे बघत होतं. रवळू बांधाकडे बघत होता. तेव्हा इठाबाय, जी घागरीत पाणी ओतायची, ती पुढे झाली.

"पोरांचो काय गुन्हो मेल्यांनो!" ती म्हणाली आणि तिने हात वर केले. मग आणखी हात आले. एक एक करून सगळी पोरं आत आली आणि बांधाला बोटसुद्धा लागलं नाही. पाणी चढत गेलं तशी यल्लव्वा वाढत गेली, असं म्हणतात. पाणी रांगेच्या गळ्याशी आलं तरी तिचे हात बांधाच्या वरच होते. सगळ्यांत शेवटी तिने निंगीला दिलं. दुसऱ्यांची पोरं आधी, आपलं नंतर. निंगी "अव्वा, अव्वा" अशा आईला हाका मारत इठाबायच्या गळ्याला मिठी मारून होती.

इठाबायने मोकळा हात पुढे केला. "तुझो हात दी गो बाय. ये."

यल्लव्वाने रवळूकडे पाहिलं. "आता आम्ही, गौडा?"

रवळूने पाण्याकडे बघितलं, मग बांधाकडे. बांधाला मधोमध एक चीर दिसत होती. तो म्हणाला, "भरती आता उतरतली. वायच थांबा."

भरती उतरली नाही. ज्यांच्या हाताला खाऱ्या चिखलात वाढणारी कांदळाची झाडं लागली ती माणसं तग धरून राहिली. बाकीची कुठे गेली ते खाडीला ठाऊक. यल्लव्वा मात्र हलली नाही. चिरेला पाठ लावून ती उभी राहिली, पाणी तिच्या डोक्यावरून गेलं, आणि ओहोटी लागली तेव्हा तिथे कुणी नव्हतं. बांधात तेवढाच भाग दगडासारखा घट्ट झाला होता. आजही तिथे पहार मारली तर खणकन वाजते.

गाव सांगतं, यल्लव्वाने स्वखुशीने बांध राखला. गावासाठी प्राण दिला. कीर्तनातही आता तसंच सांगतात. मी तसं सांगत नाही. तिने हात मागितला होता, सगळ्या गावादेखत. स्वखुशी कसली?

दुसऱ्या दिवशी पाडवा होता. गावात गुढ्या उभ्या राहिल्या. कांदळावरून उतरलेल्या माणसांनी आपापली पोरं ओळखली, ज्यांची आईबापं नव्हती तीही जवळ घेतली, आणि ती डोंगराच्या वाटेने परत निघाली. इठाबाय निंगीला सोडेना. म्हणाली, माझ्याकडे राहू दे, मी वाढवीन. मग रवळूने कौल लावला. तांदूळ डावा पडला. तो म्हणाला, माझ्या हातात काही नाही. इठाबाय त्या पोरीला घाटाच्या पायथ्यापर्यंत कडेवर घेऊन गेली, आणि खोकणारी निंगी कुणाच्या तरी पाठुंगळी घाट चढून गेली. तिचं पुढे काय झालं ते कोणी म्हणत नाही. ज्याचं बरं झालं त्याच्याबद्दल लोक असं म्हणतात, तसं म्हणतात. ज्याचं वाईट झालं त्याच्याबद्दल गप्प बसतात.

खाजणात भात आला. कणसं हातभर. पण रांधलेला भात प्रत्येक घरात खारट लागायचा, असं म्हणतात. आळणी शिजवला तरी डोळ्यातलं पाणी तोंडात जावं तसा खारट. गावाने नवस केले, सत्यनारायण घातले. शेवटी देवाने कौल दिला की त्या बाईला जागा द्या. गावाने जागा दिली. पाषाण उभा केला, शेंदूर फासला, यल्लूआई असं नाव ठेवलं. तो पाषाण बांधाच्या बाहेरच्या अंगाला आहे. देवी झाली तरी आत घेतली नाही. त्यानंतर भात गोड लागू लागला म्हणे. मला वाटतं जिभेला सवय झाली.

आता तिसवाळात बांध सिमेंटचा आहे आणि त्यावरून टेम्पो जातात. डोंगरावर जांभ्या दगडाच्या चिरेखाणी आहेत, आंब्याच्या बागा आहेत. खाणीवर कर्नाटकातली माणसं, बागांत राखणीला नेपाळी. त्यांच्या ताडपत्रीच्या झोपड्या खाडीच्या अंगाला, पाषाणाच्या आसपास. आत भाड्याने खोल्या रिकाम्या आहेत, पण त्यांना कुणी देत नाही. विचारलं तर सांगतात, बघूया, सीझन संपू दे.

आणि दर वर्षी फाल्गुन अमावास्येला, भर दुपारी, गाव यल्लूआईचा मान करतं. त्या वर्षीच्या कामकऱ्यांतलं एक लहान मूल निवडतात. सगळं गाव बांधाला रांग लावून उभं राहतं. त्या मुलाला हातातून हातात, बांधाला पाय न लागू देता, आत घेतात. नवे कपडे घालतात, ओवाळतात, पाटावर बसवून खीर आणि घावणे वाढतात. त्या दिवशी त्याच्या पाया पडतात, म्हातारेसुद्धा. आई बाहेर पाषाणापाशी उभी असते. दिवे लागायच्या आत त्याच रांगेतून मूल परत बाहेर देतात.

गेल्या साली खाणीवरच्या एका चिरे काढणाऱ्याची मुलगी होती. खीर खाल्ली आणि देवळाच्या गार फरशीवर, आरतीच्या गलक्यातही ती झोपून गेली. बायका थबकल्या. एक नवी सून म्हणाली, "चेडू निजलाहा. वायच थांबा मरे."

आताच्या गावकाराने उन्हाकडे पाहिलं. कलत आलं होतं. त्याने नाही म्हणून मान हलवली.

मग त्यांनी तिला अलगद उचललं, जाग येऊ नये म्हणून कुणी बोलेना, आणि एका हातातून दुसऱ्या हातात देत देत ती मुलगी बांधापर्यंत आली. पलीकडून आईने हात वर केले. पोर झोपेतच बाहेर गेली, आणि मग सगळ्या गावाने यल्लूआईच्या नावाने गजर केला.