मूठभर जुनी माती

पूर्वी, फार पूर्वी, ज्या दिवशी ती बातमी आली, तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. डोंगराच्या पायथ्याच्या गावात कुणी अंगणात तीळ पसरत होते, कुणी शेळीच्या पायातला काटा काढत होते. गावाच्या टोकाला एक बाई तळहातावर करंजाचे तेल घेऊन भट्टीला वारा घालायच्या चामड्याच्या भात्याला चोळत होती. तिचा नवरा जाऊन चाळीस दिवस झाले होते.

बंदराकडून आलेला गाडीवान गाडी न थांबवताच ओरडला, "जहाजं आलीत! आपला लाल दगड मागतायत. गाडीभर दगडाला एक तयार नांगर!"

"तयार?" बाईने विचारले.

"तयार, काकू! फाळासकट. आता पुसा ते हात."

तिने हात पुसले नाहीत. तेल अर्धेच चोळून सोडले तर चामडे तडकते. तिने भाता पुरा केला, खुंटीला अडकवला, आणि मग ती उंबऱ्यावर बसली.

तो मुलूख मोठा होता. चारही बाजूंनी समुद्र होता आणि मधल्या डोंगरांच्या पोटात लोखंडाचा दगड होता. काही वर्षांपूर्वी मरी येऊन गेली होती. तिने म्हातारी माणसे नेली आणि लेकरे ठेवली. त्यामुळे मुलखात जिकडे पाहावे तिकडे तरुण माणसे होती. राजासुद्धा वीस वर्षांचा होता. हात पुष्कळ होते. त्या हातांना शिकवणारे मात्र फार थोडे उरले होते.

दगडातून लोखंड काढणारे तर एकच घर उरले होते, या बाईचे. भट्टीला दोन माणसे लागतात. एकाने भाता चालवायचा, दुसऱ्याने ज्योत बघायची. नवरा भाता चालवी आणि ती ज्योत बघे. तिने "भर" म्हटले की तो वारा भरी, "थांब" म्हटले की थांबे. तीस वर्षे त्यांच्यात एवढेच बोलणे झाले असे गावातले लोक गमतीने म्हणत. आता ज्योत ओळखणारी होती, पण ज्योत नव्हती. कधी कधी चुलीवर भाकरी फुगली की ती सवयीने "थांब" म्हणे. ऐकायला कुणी नसे.

त्या गावात आणखी एक रीत होती. भट्टी दर वर्षी नवी बांधायची, आणि लोखंड निघाले की फोडायची. फोडलेली माती टाकायची नाही. घरामागे तिची रास करायची आणि पुढच्या वर्षी त्यातली मूठभर कुटून नव्या मातीत मिसळायची. नवी माती आगीत तडकते. जुनी एकदा आग सोसून आलेली असते. ती नवीला धरून ठेवते. पणज्याच्या पणज्याने बांधलेल्या भट्टीचा कणसुद्धा त्या राशीत होता.

बातमी ऐकून चौथ्या दिवशी बाई राजधानीला निघाली. तीन दिवस चालली.

"महाराज," ती दरबारात म्हणाली, "दगड विका. मी नको म्हणत नाही. पण सगळा विकू नका. आणि मला दहा पोरं द्या. सात वर्षांत ती इथेच नांगर करतील."

"सात वर्षं!" एक कारभारी हसला. "एवढ्या वेळात डोंगर खणून होईल, काकू."

"म्हणूनच आले," ती म्हणाली. "भट्टी वर्षातून एकदाच पेटते, पाऊस सरल्यावर. सात वेळा पाहिल्याशिवाय ज्योत ओळखता येत नाही. मला तर नऊ वेळा लागल्या."

"म्हणजे तुम्ही मंदच होतात म्हणायचं!"

"होते," ती म्हणाली. "घाईची माणसं लवकर भाजतात."

राजा हसला. तो वाईट माणूस नव्हता. तो सिंहासनावरून उठून तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"मावशी, सात वर्षांनंतरचं मला सांगता. आज त्या पोरांच्या ताटात काय आहे, ते विचारा. नांगर नाही म्हणून निम्मी जमीन पडून आहे."

तो खोटे बोलत नव्हता, हे तिला ठाऊक होते.

"म्हणून तर दहाच मागते, महाराज. शंभर नाही."

"दिली," राजा म्हणाला. "यंदाची पेरणी होऊ द्या. पुढच्या वर्षी दहा पोरं तुमच्या दारात."

बाई घरी आली आणि तिने बकऱ्याच्या कातड्याचे दहा भाते शिवले. प्रत्येकाचा दम वेगळा, म्हणून प्रत्येकाचा भाता वेगळा असावा लागतो. दहा खुंट्या ठोकल्या, भाते ओळीने टांगले, आणि ती वाट बघू लागली.

त्या वर्षी मुलखात पहिल्यांदा सगळी जमीन नांगरली गेली. लोक पोटभर जेवले. गावागावांत राजाचे नाव घेतले गेले आणि ते योग्यच होते. पण सगळे तरुण खाणीवर होते. पोरे आली नाहीत. बाईने दहाही भात्यांना तेल लावले.

दुसऱ्या वर्षी रस्ता बांधायचा होता. डोंगरापासून बंदरापर्यंत सरळ रस्ता. गावापासून गावापर्यंत रस्ता नव्हताच, आणि तो कुणी मागितलाही नाही, कारण एका गावाकडे दुसऱ्या गावाला द्यायला दगडाखेरीज आता काही नव्हते. ज्या दिवशी रस्त्याचे काम गावाजवळ आले, त्या दिवशी बाई नवऱ्याच्या श्राद्धासाठी नदीवर गेली होती. परत आली तेव्हा घरामागची जागा झाडून काढल्यासारखी मोकळी होती.

"इथली रास?" तिने मुकादमाला विचारले.

"रस्त्याच्या पोटात घातली, काकू. काय टणक माती हो! गाड्यांचं चाक रुतायचं नाही आता." मग तिचा चेहरा पाहून तो चाचरला. "मातीच होती ना?"

"हो," ती म्हणाली. "मातीच होती."

 

तिसऱ्या वर्षी खरेच तीन पोरे आली. हुशार होती. एक मुलगी तर पहिल्याच महिन्यात कोळसा वाजवून त्याची जात सांगू लागली. पण खाणीवर रोज संध्याकाळी धान्य मिळे, आणि भट्टीवर सात वर्षांनी लोखंड. चौथ्या महिन्यात तिघेही दारात येऊन उभे राहिले.

"काकू, घरी धाकटी भावंडं आहेत," मुलगी म्हणाली.

"जा," बाई म्हणाली. "तुमचं चुकत नाही."

तिने राजाला निरोप पाठवला, की पोरांना इथे पोटापुरते द्या, म्हणजे टिकतील. राजाने उलट निरोप पाठवला. "मावशी, तुमचं म्हणणं पटतं. पुढच्या वर्षी नक्की."

पुढचे वर्ष दर वर्षी येत राहिले. एका वर्षी जहाजे दुप्पट आली. एका वर्षी राजाचे लग्न झाले. एका वर्षी पाऊस कमी झाला. प्रत्येक वेळी कारण खरे होते. डोंगर उतरत गेला. त्याच्या अंगावरचे पळस, गुंजेच्या वेली, रानडाळिंबे आधी गेली, मग माती गेली, मग दगड. परदेशी नांगर मोडला की लोक नवा मागवत. मोडलेला दुरुस्त करायचा असतो, हे कुणाच्या लक्षातही राहिले नाही.

"काकू, भाते कुणासाठी सजवता?" रस्त्यावरून जाणारे गाडीवान विचारत. "नवऱ्यामुलासाठी?"

"दहा नवरे आहेत माझे," ती म्हणे. "एकही वेळेवर येत नाही."

ते हसत. मग गाडी वळणाआड जाई आणि ती पुढच्या भात्याला तेल लावी.

अशी चोवीस वर्षे गेली.

एका वर्षी जहाजे आली नाहीत. दुसऱ्या वर्षीही आली नाहीत. व्यापाऱ्यांना दुसऱ्या किनाऱ्यावर याहून चांगला दगड सापडला होता. त्यांनी भांडण केले नाही, निरोपही घेतला नाही. त्यांचे काम संपले होते.

पाऊस सरला तेव्हा, रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर, राजा स्वतः गावात आला. त्याचे केस पिकले होते. त्याच्या हातात मोडका फाळ होता आणि मागे दहा तरुण होते.

बाई उंबऱ्यावर बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळे तिला उजेड आणि सावली एवढेच दिसे.

"आजी," राजा म्हणाला. मावशी म्हणायचे वय दोघांचेही उलटून गेले होते. "पोरं आणलीत."

"किती?"

"दहा."

तिने हात पुढे केला आणि एकेकाच्या तळव्याला लावून पाहिले. सगळे तळवे खाणीतल्या घणाने घट्ट झाले होते.

"आत या," ती म्हणाली. "भाते तयार आहेत."

भट्टी बांधायला घेतली तेव्हा ती म्हणाली, "आधी रस्ता उकरा. मूठभर जुनी माती पाहिजे."

पोरांनी रस्त्यावर कुदळ मारली. इतकी वर्षे गाड्या खाऊन रस्ता पत्थरासारखा झाला होता. कुदळीचे टोक मोडले. मुलखात दुसरी कुदळ मिळणे कठीण झाले होते.

"आजी, रीत पुढच्या वर्षी पाळू," राजा म्हणाला. "यंदा लोखंड काढू. पेरणी तोंडावर आहे."

तिने त्याच्या आवाजाच्या दिशेने चेहरा वळवला. मग ती नुसती नवी माती कालवू लागली. पोरे पुढे सरसावली होती, आणि तिच्या दारात इतकी माणसे उभी असल्याला फार वर्षे झाली होती.

सकाळी भट्टी पेटली. दहा भाते चालू लागले. बाई जवळ बसली.

"भर," ती म्हणाली. वारा भरला. थोड्या वेळाने तिने विचारले, "रंग सांगा."

"लाल, आजी."

"कसला लाल? गुंजेचा, की डाळिंबाच्या फुलाचा?"

पोरे एकमेकांकडे पाहू लागली.

"पळसासारखा झाला की मला सांगायचं. मग शेवंतीसारखा पिवळा दिसायच्या आधी थांबायचं. आता कसा आहे?"

"आजी," त्यांच्यातला एक हळूच म्हणाला, "आम्ही जन्मापासून खाणीवर आहोत. आम्हाला एकच लाल ठाऊक आहे, दगडाचा."

तिने ज्योतीकडे तोंड केले. तिला ऊब लागत होती, पण रंग दिसत नव्हता.

"थांब," ती म्हणाली. पण तोपर्यंत उशीर झाला होता. आतून एक बारीक आवाज आला, हाडावर हाड घासावे तसा. भट्टी वरपासून खालपर्यंत तडकली. अर्धवट वितळलेला दगड बाहेर पडून निवला. तो दगडही राहिला नव्हता आणि लोखंडही झाला नव्हता.

दहा भात्यांपैकी एकही फुटला नाही.

राजा भिंतीला टेकून खाली बसला. "आजी, आता काय करायचं?"

"सात वर्षं," ती म्हणाली. "डोंगर थोडा उरलाय. पोरं आहेत. फुलं लावा, म्हणजे रंग तरी कळतील. आणि उद्या मला रस्त्यावर न्या. कुदळ नसली तर नखांनी उकरू. मूठभरच पाहिजे."

"उद्या नेतो," राजा म्हणाला.

पोरे त्या दिवशी अंगणातच थांबली. सकाळी त्यांनी हाका मारल्या, पण ती रात्रीच गेली होती. तिच्या तळहाताला करंजाच्या तेलाचा वास येत होता.

त्या वर्षी निम्मी जमीन नांगराविना पडून राहिली. राजाने पोरांना भट्टीवर ठेवले आणि त्यांच्या पोटाची सोय केली. अंगणात पळस लावला, डाळिंब लावले. झाडे वाढत आहेत. दर वर्षी पाऊस सरला की भट्टी पेटते, आणि कोणती ज्योत खरी, ते सांगायला कुणी नसल्यामुळे पोरे चुका करून शिकत आहेत. सात वर्षांचे काम किती वर्षांत होईल, ते कुणाला सांगता येत नाही.

लहानांनो आणि मोठ्यांनो, डोंगर थांबतो, शिकवणारा माणूस थांबत नाही. म्हणून डोंगर विकण्याआधी माणसे घडवावीत.

रस्ता उकरून मूठभर जुनी माती काढायची होती. ती काढायची राहिली आहे.