दुसरा कप

"म्हणजे तुम्ही सही करणार नाही?"

"करेन की," म्झे एलिया म्हणाले. "पण उभ्याने नाही."

टांझानियातल्या त्या डोंगराळ गावात वडीलधाऱ्यांना म्झे म्हणतात. एलिया तिथल्या लहानशा चर्चचे म्हातारे पाळक. चर्चच्या अंगणात त्यांच्यासमोर उभा होता राहुरीचा शमुवेल उजागरे. वय तेवीस. मिशनच्या सेवेसाठी दोन वर्षांच्या बोलीवर आलेला. दहा महिने झाले होते आणि त्याच्या हातात परत जाण्याचा अर्ज होता.

त्याच्या कामात खोट नव्हती. तसं तो स्वतःही सांगे. सकाळची घंटा, मुलांचा वर्ग, मग घरोघर जाऊन आजाऱ्यांसाठी प्रार्थना. कुणाचं पाणी भरून द्यायचं, कुणाचं पत्र वाचून दाखवायचं. दिवसाला चौदा घरं. त्याच्या आधीच्या कुणालाही इतकी जमली नव्हती.

पण संध्याकाळी खोलीचं दार लावलं, की आई भाकरी थापतेय असा आवाज त्याच्या कानात येई. मग जेवण जात नसे.

"सगळे भले आहेत इथे," तो म्हणाला. "पण दहा महिन्यांत आपलं म्हणावं असं कुणी झालं नाही. मी इतकं केलं, म्झे, तरी..."

म्हाताऱ्यांनी ऐकून घेतलं.

"तू खोलीवर जा. मी येतो."

थोड्या वेळाने शमुवेलच्या दाराबाहेर हाक आली.

"होडी..."

तिकडची ही रीत. कुणाच्या दारी गेलं, की बाहेर उभं राहून 'होडी' म्हणायचं. आतून 'करिबू' आलं, म्हणजे 'या' असं आलं, की मगच उंबरा ओलांडायचा. हाक तीनदाच मारायची. उत्तर नाही आलं तर निमूट परत फिरायचं. पहिल्या दिवशी शमुवेलला हसू आलं होतं, डोंगरावर कसली होडी म्हणून. आता तीच हाक तो रोज चौदा दारांत मारत होता.

तो नेहमीसारखा बाहेर आला, दार मागे ओढून घेत.

"हा अर्ज. हे पेन."

म्झे एलियांनी हात पुढे केला नाही. ते ओढलेल्या दाराकडे बघत होते.

"होडी," ते पुन्हा म्हणाले.

"आत बसायला काही नाही, म्झे. एक ट्रंक आहे. तीही पुरती उघडलेली नाही. दोन वर्षांसाठी कशाला मांडामांड, म्हणून..."



शेजारची तुमाइनी दर आठवड्याला केळी घेऊन यायची. तो उंबऱ्यावरच आभार मानायचा आणि दार लावून घ्यायचा. चौदा घरांत त्याने रोज 'करिबू' ऐकलं होतं. स्वतःच्या तोंडून एकदाही नाही.

म्झे एलियांनी काठी सावरली. पाय परत वळायच्या बेतात होते.

"होडी." तिसरी हाक. हळू.

शमुवेल झटकन आत गेला.

"करिबू..."

आतून त्याचा आवाज आला. म्हातारे आत आले आणि ट्रंकेवर बसायला लागले.

"थांबा," शमुवेल म्हणाला.

त्याने ट्रंक उघडली. आईने दोन कप दिले होते. एक तो रोज वापरत होता. दुसरा अजून वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. त्याने कागद सोडवला आणि त्यावरची अक्षरं बघत तसाच उभा राहिला.

"काय लिहिलंय?" म्झेंनी विचारलं.

"कांद्याचे भाव."

दोघंही हसले. शमुवेलने डोळे पुसले आणि चहा ठेवला.

ट्रंकेवर बसून चहा पिता पिता म्झे एलियांनी अर्ज मागून घेतला, गुडघ्यावर ठेवून सही केली आणि कागद परत दिला.

"तारीख तू घाल," ते म्हणाले.

शमुवेल त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिला. त्याला माहीत होतं, म्झे एलियाही तरुणपणी सेवेला गेले होते. सीमेवरच्या सरोवरापलीकडच्या देशात, नऊ वर्षं.

"म्झे... तुम्हाला आठवण यायची कधी थांबली?"

म्हाताऱ्यांनी कप खाली ठेवला. दारातून दूर, सरोवर असेल त्या बाजूला पाहिलं.

"कुठली? तिकडे होतो तेव्हाची इकडची, की इकडे आल्यापासूनची तिकडची?"