काळ्या टाळूचा हुकूम

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. जिनं मला सांगितली तिलाही ठाऊक नव्हतं.

डोंगराच्या पायथ्याशी एक तटबंदीचं नगर होतं. एकदा तिथल्या कोतवालाचं कुत्रं एका सावकाराच्या मुलाला कडकडून चावलं. कुत्रं डोंगरी जातीचं होतं, काळ्या टाळूचं. ते तापट व्हावं म्हणून कोतवालानं त्याला तीन दिवस उपाशी बांधलं होतं. पण हे विचारतो कोण? राजानं हुकूम काढला, "काळ्या टाळूचं एकूण एक कुत्रं मारून टाका."

झालं! शिपाई दारोदार फिरू लागले. कुत्र्याचा जबडा फाकवायचा, आत डोकवायचं. टाळू गुलाबी निघाली तर सोडायचं, काळी निघाली तर न्यायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

तटाबाहेर डोंगरी लोकांची वस्ती होती. तिथं घोंगड्या विणणारी एक बाई राहायची. तिला ना नवरा, ना मूल. होता तो एक कुत्रा, तांबू. त्यानं कधी कुणाची कोंबडीसुद्धा धरली नव्हती. शिपायांनी त्याचा जबडा उघडला, टाळू काळी निघाली. ते म्हणाले, "बाई, उद्या सकाळी न्यायला येतो."

दुसरी असती तर रडत बसली असती. ही तांबूच्या गळ्यात दोरी बांधून तडक दरबाराकडे निघाली. कुत्रं आपल्या पायांनी मरायला येतंय म्हणून वेशीवर कुणी अडवलंही नाही. मला या बाईचं फार कौतुक वाटतं बघा. भल्याभल्यांची जिथं बोबडी वळायची, तिथं ती ताठ उभी राहिली.

"महाराज, माझा तांबू कुणाला चावला?"

"चावला नाही, पण चावेल," राजा म्हणाला. "जातच तशी आहे."

"मग तुमच्या पायाशी झोपलाय, त्याचं तोंड कुणी बघितलं का?"

तो राजाचा लाडका शिकारी कुत्रा. त्याच्या जबड्याला हात घालायची कुणाची छाती झाली नव्हती. राजानं हसत स्वतःच तो उघडला, आणि त्याचं हसू मावळलं. टाळू काळीकुट्ट!

"हा निराळा आहे," राजा घाईनं म्हणाला. "याला मी पिल्लू असल्यापासून ओळखतो."

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

"तेच म्हणते, महाराज. ओळखता म्हणून तो निराळा. तांबूला मी ओळखते."

कोतवाल मध्येच म्हणाला, "डोंगरातली कुत्री आणि डोंगरातली माणसं, सगळी सारखीच."

बाई त्याच्याकडे वळली. "माणूस आणि कुत्रा सारखे नव्हेत, कोतवालसाहेब. सारखी आहे ती तुमची चूक. माझ्या आजोबांच्या काळी एका डोंगरी माणसानं चोरी केली. तेव्हापासून आमच्या कपाळावरचं गोंदण बघून आम्हांला दिवेलागणीनंतर वेशीबाहेर काढतात. माझी आई दुसऱ्या खेपेला अडली, तेव्हा सुईण आत होती आणि आम्ही बाहेर. आई गेली, भाऊ जन्मालाच आला नाही. कुत्र्याला हुकूम कळत नाही, महाराज. माणसाला कळतो, आणि जन्मभर सलतो."

राजानं कोतवालाच्या नोकराला बोलावून विचारलं, "ते कुत्रं मुळात चावलं का?"

तेव्हा उपासाची हकीकत बाहेर आली. कोतवालाची कोतवाली गेली. राजानं भरदरबारात स्वतःची चूक कबूल केली आणि हुकूम मागे घेतला. राजांना हे सहसा जमत नाही, म्हणून त्याचंही कौतुक करायला हवं.

"बाई, तुला तटाच्या आत घर देतो," तो म्हणाला. "खुशाल राहा."

बाईनं हात जोडले. "एकटीला नको, महाराज. मला आत घेतलंत तर उद्या तुम्हीच म्हणाल, ही बाई निराळी आहे."

राजानं तिच्याकडे नीट पाहिलं. मग तो उठला, तिच्याबरोबर वेशीपर्यंत चालत गेला, आणि पहारेकऱ्यांना म्हणाला, "आजपासून कुणाचं कपाळ बघायचं नाही."

म्हणून सांगते: जाब ज्यानं केलं त्याला विचारावा, त्याच्या जातकुळीला नव्हे.