चौथं सील

"मग तेल येतंय तरी कुठनं, उस्ताद?"

सर्जेराव ढेबेने हे तिसऱ्यांदा विचारलं. घाटाच्या पायथ्याशी दस्तगीर मुलाणींचं गॅरेज; गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक खड्डा. उस्ताद खड्ड्याच्या काठावर बसून तपकीर ओढत होते. सर्जेरावने आणलेल्या जीपकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

अर्ध्या तालुक्याचे मिस्त्री या माणसाच्या हाताखालून गेले. सर्जेरावही त्यातलाच. पण आठ वर्षांपूर्वी तो "तुमच्याकडं आता शिकण्यासारखं उरलंय काय?" असं तोंडावर बोलून गेला, आणि तेव्हापासून या पत्र्याखाली फिरकला नव्हता.

आज आला तो नाइलाजाने. वरच्या वाडीत त्याच्या बहिणीचे, कौसल्येचे, दिवस भरत आले होते. परवा तिला घाट उतरवून दवाखान्यात न्यायचं होतं. वाडीत गाडी म्हणाल तर ही एकच, सर्जेरावपेक्षा वयाने मोठी.

"मागच्या हाऊसिंगचं तेल अडवायचं सील तीनदा बदललं," तो म्हणाला. "चौथं कुठल्या कंपनीचं टाकू, तेवढं सांगा."

"धुतलंस का?"

"काय?"

"गाडीचं पोट."

सर्जेरावने राग गिळला. डिझेल आणि ब्रश घेऊन खड्ड्यात उतरला. तासाभराने वर आला तेव्हा हाऊसिंग, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला तो लोखंडी गोळा, नवरीसारखा लखलखत होता.

उस्तादांनी घराकडे तोंड करून हाक मारली आणि पावडरचा डबा मागितला.

"या वयात कुणाला नटवताय?" आतून चाचींचा आवाज आला. डबा मात्र आला.

उस्तादांनी गोळ्यावर पावडर भुरभुरली. "फाट्यापर्यंत जाऊन ये."

सर्जेराव जाऊन आला. पांढऱ्या पावडरीवर, अगदी सीलभोवती, ओला काळा डाग उमटला होता.

"बघा!" तो जवळजवळ ओरडला. "मी म्हणत नव्हतो? सीलच!"

"हात लाव."

त्याने गोळ्याला तळवा टेकवला आणि चटका बसून झटकन मागे घेतला. चार मैलांत एवढा ताप...

"शाफ्ट धर. पिळून बघ."

सर्जेरावने गोळ्यात शिरणारा तो शाफ्टचा दांडा दोन्ही हातांनी धरून इकडेतिकडे पिळला. काही हललं नाही. आता त्याची छाती फुगली. "मी स्वतः आवळलंय, उस्ताद. आधी आत लई ढिलं होतं, प्ले होता, टक्‌ टक्‌ वाजायचं. केसभरसुद्धा ठेवला नाही."

"आणि गोळ्याच्या वरती एक टोपी असायची. शेंगदाण्याएवढी."

"ती? तिच्यातनं तेल उडायचं. ओढ्यातनं जाताना पाणी शिरंल अशी भीती. वेल्डिंग मारून बुजवली."

"कधी?"

"पहिलं सील टाकायच्या आधी..."

उस्ताद उठले. जवळ आले. एका हाताने त्यांनी सर्जेरावचं नाक चिमटीत धरलं आणि दुसरा तळवा तोंडावर दाबला.

सर्जेराव चकित झाला. मग हसू आलं, पण हसायला वाट नव्हती. आपला जुना उस्ताद काय करतो ते बघू, म्हणून तो ताठ उभा राहिला. कानांत ठोके वाजू लागले. डोळ्यांत पाणी आलं. शेवटी त्याने म्हाताऱ्याचे हात हिसडून बाजूला केले आणि खोकत, धापा टाकत खड्ड्याच्या काठावर बसला.

"सांग," उस्ताद म्हणाले, "आता तुझं कुठलं सील बदलू?"

...

सर्जेरावने वाकून वेल्डिंगने बुजवलेल्या त्या जागेकडे पाहिलं.

तापलेल्या गोळ्यातली हवा फुगणार, तिला वरची वाट बंद, मग ती तेलाला ढकलत जिथे जमेल तिथून बाहेर पडणार. चौथं सील टाकलं असतं, तर त्याच्याही कडेने तेल गेलं असतं. आणि कोरडा, आवळलेला गोळा परवा उतारावर जाम झाला असता. मागच्या सीटवर कौसल्या...

दुपारभर दोघे खड्ड्यात होते. उस्तादांचे हात आता थरथरत, म्हणून ते नुसते बसून सांगत आणि सर्जेराव करी. त्याने वेल्डिंग कानशीने घासून काढलं, भोक मोकळं केलं, हवा सोडणारी नवी टोपी बसवली. गोळा उघडून आवळलेलं सैल केलं, पातळ चकत्या घालून पुन्हा बसवलं आणि तेल भरलं. मग शाफ्ट पिळला. आतून हलकेच आवाज आला, टक्‌.

"राहू दे तेवढं," उस्ताद म्हणाले. "तापल्यावर लोखंडाला जागा लागती."

पुन्हा पावडर, पुन्हा फाटा. परतल्यावर सर्जेरावने गोळ्याला तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. नुसता कोमट. पावडर पांढरीशुभ्र, कुठे टिपूस नाही.

आठ वर्षांनी तो आला, तरी या माणसाने एका शब्दाने टोचलं नव्हतं, की जुनं काही काढलं नव्हतं. सर्जेराव काळ्या हातांनीच वाकला आणि त्याने उस्तादांचे पाय धरले.

"उस्ताद, त्या दिवशी मी जे बोललो..."

"बहिणीला सावकाश उतरव."

"तुमचे उपकार कसे फेडू? माझी बहीण वाचवलीत तुम्ही."

उस्तादांनी त्याला खांद्याला धरून उठवलं. खड्ड्यात सकाळच्या तेलाचं थारोळं अजून चकाकत होतं. त्यांनी तिकडे बोट केलं.

"आभार त्याचे मान, बाबा. ते तीनदा बाहेर येऊन सांगत होतं. मी एकदाच सांगितलं."