निगडीच्या वळणावरचा सलाम

मघाशी या वळणावर मी त्या शेंबड्या पोराला आधी सलाम केला, तेव्हा तुम्ही एकमेकांकडे पाहिलंत. पाहा, पाहा. आमच्या करजवे गावात येणारा प्रत्येक पाहुणा बघतो. मी बोटीवर सारंग म्हणून जन्म काढला, माझ्या हाताखाली साठ खलाशी होते, पण या निगडीच्या झुडपांच्या कुंपणाजवळ मी कुणी नाही. इथे मोठ्याने लहानाला आधी सलाम करायचा, हा आमच्या मोहल्ल्याचा रिवाज. तो कसा पडला, ते ऐका.

फार जुनी गोष्ट, तेव्हा खाडीत शिडाची गलबतं यायची. वर मशिदीच्या पडवीत शहाबुद्दीन खतीब नावाचे उस्ताद पोरांना शिकवत. माणूस सज्जन, पण हातात कायम निगडीची छडी. पैगंबरांवर त्यांचा इतका जीव होता म्हणे, की त्यांच्या नावानंतर म्हणायची दुआ, म्हणजे दरूद, म्हणताना एखाद्या पोराची जीभ अडखळली तरी त्यांना सहन होत नसे. लगेच तळहातावर छडी. आईबापही खूश होते, कारण करजव्याच्या पोरांसारखा दरूद साऱ्या खाडीपट्ट्यात कुणी म्हणत नसे.

एका वर्षी मिलादला, पैगंबरांच्या जन्मदिवशी, दूरगावचे एक म्हातारे मौलाना आले. उस्तादांनी पोरांना रांगेत बसवलं. धडा पाठ करून घेतला होता, तो असा : हुजूर, म्हणजे पैगंबर, रस्त्याने जात आणि मुलं भेटली, की आधी स्वतः सलाम करत. पोरांनी तो घडाघडा म्हटला. मग मौलानांनी मोठ्या प्रेमाने पैगंबरांचं नाव घेतलं. चाळीस पोरांनी एका सुरात दरूद म्हटला, एक अक्षर चुकलं नाही. पण नाव कानावर पडताच चाळीसही पोरांचे हात पाठीमागे गेले.

मौलानांनी पहिल्या रांगेतल्या जैतूनला, गलबतावरच्या एका तांडेलाच्या सात वर्षांच्या पोरीला, विचारलं, "बेटी, हात का लपवलेस?"

"त्यांचा नाव आला की छडी येते," ती म्हणाली.

ज्यांच्यावर पोरांनी जीव टाकावा म्हणून आयुष्य घालवलं, त्यांचं नावच आपण पोरांना भ्यायला शिकवलं, हे उस्तादांना कळलं. सगळ्यांदेखत ते लहान मुलासारखे रडले, असं सांगतात.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी छडी या वळणावर मातीत रोवली आणि शपथ घेतली : जैतूनचे हात आपणहून पुढे येईपर्यंत मी तिच्यासमोर ते नाव उच्चारणार नाही. रोज सकाळी इथे उभं राहून पोरांना आधी सलाम करीन.

पहिले आठ दिवस पोरं त्यांना बघून खडकातल्या वाटेने पळाली. उस्तादांना वेड लागलं, असं लोक म्हणू लागले. मग एका द्वाड पोराने मागून येऊन त्यांच्या आधी "अस्सलामु अलैकुम" ठोकून दिलं. उस्ताद हरले आणि खदखदून हसले. त्यांना हसताना करजव्याने तोवर पाहिलंच नव्हतं. झालं, पोरांना खेळच सापडला. कुणी झाडावर चढून बसे, कुणी मासळीच्या पालथ्या पाटीखाली दडे. उस्तादही काही कमी नव्हते. साठीचा माणूस, दाढी सावरत दगडी गडग्यामागे उकिडवा बसायचा.

जैतून मात्र सलाम करायची तो हात पाठीशी ठेवूनच. दिवस गेले, रोवलेल्या छडीला पालवी फुटली. हा चमत्कार आहे असं माझी बायको मानते. मी म्हणतो, निगडीच ती, कुठेही खोचली तरी जगते. आमचं यावरून चाळीस वर्षं भांडण आहे. पण फुटली हे खरं, आणि पुढे तिला निळी फुलं आली.

फुलं आली त्या सकाळी जैतून झाडासमोर बराच वेळ उभी राहिली.

"उस्ताद, ही तीच छडी?"

"तीच, बाळ."

"आता मारत नाय?"

"आता कधीच नाय."

पोरीने थोडा विचार केला. मग दोन्ही तळवे उघडे करून त्यांच्यासमोर धरले आणि म्हणाली, "मग तो नाव घ्या ना."

कितीतरी महिन्यांनी उस्तादांनी तिच्यासमोर ते नाव घेतलं. तिचे हात हलले नाहीत. जैतूनने हसत हसत दरूद म्हटला. त्यात दोन चुका होत्या म्हणे, आणि उस्ताद सांगायचे की तसा दरूद आपण जन्मात ऐकला नव्हता.

आजही करजव्यात मूल पहिल्यांदा मकतबला, मशिदीतल्या शाळेला, निघालं, की घरातलं सगळ्यात मोठं माणूस त्याला इथवर आणतं, वाकून सलाम करतं आणि वाट पाहतं. घाई कुणी करत नाही. परवा माझ्या नातीने मला पाऊण तास उन्हात उभं केलं. मग तिने दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "नाव घ्या ना, बाबा."