डुकराची साक्ष

उदाजीराजांच्या ताटातल्या मटणाला बोंबलाचा वास येऊ लागला आणि गोजराच्या मागे संकट लागलं.

राजे डुकराच्या मटणाचे मोठे शौकीन. करंजखोलीचं त्यांचं राज्य एवढंसं, खाडीपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत. पण त्यांच्या जेवणावळींची आसपासचे राजे वाट बघत. त्या दिवशी घाटावरून व्याही आले होते. त्यांनी पहिला घास घेतला, नाक मुरडलं आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "आज मासळीचा बेत आहे वाटतं?"

राजांची मान खाली गेली. व्याह्यांची पाठ फिरली तशी त्यांनी गोजराला दरबारात बोलावून घेतलं. राजवाड्याची डुकरं राखायचं काम तिच्याकडे होतं. तिच्यासमोर उभा राहिला रुमाजी कोठावळा. धान्याच्या कोठीच्या किल्ल्या त्याच्या कमरेला असत.

रुमाजीने सांगितलं, की डुकरांसाठी कोठीतून रोज तांदळाची कणी, खोबऱ्याची पेंड आणि उकडलेल्या फणसाच्या आठळ्या जातात. ही बाई ते मधल्यामधे विकत असणार. गोजरा म्हणाली, तिच्यापर्यंत पोचते ती बाजारात उरलेली, कुबट सुकी मासळी. जनावर खातं तेच त्याच्या चरबीत उतरतं, त्याला ती काय करणार?

"मासळी येते हे पाहिलंय कुणी?" रुमाजीने विचारलं.

"डुकरांनी पाहिलंय."

दरबार हसला. राजे हसले नाहीत. मुळात हट्टी माणूस, त्यात व्याह्यांपुढे नाक कापलं गेलेलं. ते म्हणाले, "बरं. मग उद्या दुपारी डुकरानेच भर दरबारात साक्ष द्यायची. नाही दिली, तर दिवस मावळायच्या आत तू राज्याबाहेर."

 गोजराच्या घरी म्हातारी सासू, दोन पोरं. ती जाणार कुठे? पण रुमाजी मिशीतल्या मिशीत हसताना दिसला आणि तिचं डोकं एकदम थंड झालं.

"देईल जी साक्ष," ती म्हणाली. "पण मुकं जनावर आहे, एवढ्या माणसांत एकटं बुजेल. गेल्या साली कोठावळ्यांनी माझ्या कळपातलं एक पिल्लू नेलंय. त्याचा सख्खा भाऊ माझ्याकडे आहे. दोघं भाऊ मिळून आले तर धीर येईल."

रुमाजीच्या मेव्हण्याचं बाजारात मटणाचं दुकान होतं. त्यासाठीची डुकरं रुमाजीच्या परसात वाढत, आणि तिथल्या मटणासाठी पलीकडच्या खाडीवरून माणसं होडीने येत. राजांनी सहज विचारलं, की तुझ्या डुकरांना तू काय घालतोस?

रुमाजीने हात जोडले. "आम्ही गरीब माणसं, महाराज. मासळीचा चोथा घालतो, दुसरं काय! कोठीतल्या कणीचा दाणासुद्धा माझ्या जनावरांनी पाहिलेला नाही."

गोजराने राजांना एवढीच विनंती केली, की हे शब्द सगळ्यांनी ध्यानात ठेवावेत.

संध्याकाळी वाड्यामागच्या अंगणात पहारा बसवून दोन्ही डुकरं बांधली. गोजरा मधे बसून आळीपाळीने त्यांची पाठ खाजवायची आणि कानात काहीतरी पुटपुटायची. मानकरी काही ना काही निमित्त काढून तिथून जाऊ लागले. रुमाजीही येऊन गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा गोजराने ओठांवर बोट ठेवलं. "हळू चाला," ती म्हणाली, "पाठांतर चाललंय." रुमाजी हसायला गेला, पण त्याला नीट हसता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दरबारात पाय ठेवायला जागा नव्हती. गोजरा आली. डुकरं आली नाहीत. तिच्यामागून राजवाड्याचा आचारी झाकलेली दोन पातेली घेऊन आला.

"डुकरं कुठे आहेत?" राजे गरजले.

"ही काय," गोजरा म्हणाली. "डुक्कर कानाशी बोलत नाही महाराज, जिभेशी बोलतं. एकदा तोंड लावून ऐकावं."

आचाऱ्याने शपथेवर सांगितलं, की दोन्हींत फक्त मीठ आणि हळद आहे, चूलही एकच. पहिल्या पातेल्यातलं मटण राजवाड्याच्या डुकराचं, दुसऱ्यातलं रुमाजीच्या डुकराचं. राजांनी पहिल्यातला तुकडा तोंडात टाकला आणि चेहरा वाकडा केला. चरबी पिवळट, लिबलिबीत.

"काय म्हणतंय?" गोजराने विचारलं.

"बोंबील म्हणतंय."

मग त्यांनी दुसऱ्या पातेल्यात हात घातला. चरबी खोबऱ्यासारखी पांढरीशुभ्र, घट्ट. राजे चावू लागले. त्यांचे डोळे मिटले. त्यांनी आणखी एक तुकडा उचलला, मग आणखी एक. मानकरी पातेल्याजवळ सरकले.

"खोबरं," राजे सावकाश म्हणाले. "आणि कणीचा गोडवा." डोळे उघडून त्यांनी रुमाजीकडे पाहिलं. "माझ्याच कोठीतला."

रुमाजी चाचरत म्हणाला, की जात चांगली असेल, एखाद्या जनावराचं मटण मुळातच गोड असतं.

"दोघं एकाच आईचे," गोजरा म्हणाली. "एक तुमच्या परसात वाढला, एक माझ्या. मी तर अजून काही बोललेच नाही, कोठावळे. जे काही बोलले ते ते दोघं भाऊ."

रुमाजीने राजांचे पाय धरले. राजांनी त्याच्या कमरेच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि पहिलं पातेलं त्याच्यापुढे सरकवलं. ते संपेपर्यंत त्याने उठायचं नाही, असा हुकूम झाला.

मग राजांनी गोजराला विचारलं, "साक्षीला रुमाजीचं एक डुक्कर पुरलं असतं की. खोबरं तर त्यानेच सांगितलं. दोन कशाला?"

"साक्षीदार एकटा असला महाराज, की लोक म्हणतात पढवून आणलाय. आणि काल संध्याकाळी मला पढवताना सगळ्या दरबाराने पाहिलंय."

राजे इतके हसले की पगडी कानावर आली. त्यांनी कोठीच्या किल्ल्या गोजराच्या पदरात टाकल्या, तिला कोठावळीण केलं आणि हसता हसता आणखी एका तुकड्यासाठी दुसऱ्या पातेल्यात हात घातला.

पातेलं रिकामं होतं. मानकऱ्यांची तोंडं भरलेली होती, त्यामुळे कुणीच काही बोललं नाही.