तळघरातले जबाब

“एका शपथेनं काय जीभ झडणार आहे तुमची, माई?” शिष्य ओरडला.

“झडेल. आणि ओरडू नकोस. मी म्हातारी आहे, बहिरी नाही.”

धुक्यात बुडालेल्या एका नगरात, कचेरीच्या पायरीवर एकदा हे भांडण जुंपलं होतं. म्हातारी या शिष्याला घेऊन गावोगाव हिंडून आपल्या पंथातल्या हुतात्म्यांचे जबाब गोळा करत असे. त्यांचा अपराध काय? बाप्तिस्मा जाणत्या वयात, स्वतःच्या समजुतीनं घ्यावा, तान्ह्या बाळावर लादू नये, एवढंच ते म्हणत. तेवढ्यासाठी सत्तेनं त्यांना नदीत बुडवलं. त्यांचा आणखी एक नेम होता: शपथ घ्यायची नाही. जो रोज खरं बोलतो, त्याला शपथ कशाला?

आणि कचेरीचा नियम असा, की हात वर करून देवाची शपथ घेतल्याशिवाय तळघरातले जुन्या जबाबांचे कागद दाखवायचे नाहीत. तळघरात पाणी शिरलं होतं. कुजत चाललेले ते कागद उद्या जाळायचे होते. त्यांत शिष्याच्या खापरपणजीचा शेवटचा जबाब होता.

“जपून वाचीन आणि परत देईन, असं मी म्हटलंय. तेवढं पुरे,” म्हातारी कारकुनाला म्हणाली.

“नियम आहे, आजीबाई,” कारकुनानं जांभई दिली.

शिष्याचा संयम सुटला. “तुमचा नेम तुम्ही सांभाळा! माझी खापरपणजी मरताना काय बोलली, ते उद्या राख होईल. तुम्हाला काय त्याचं? मीच घेतो शपथ.”

त्यानं हात वर केला. धुकं इतकं दाट होतं, की कोपरापुढचा हात दिसेनासा झाला. जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. जवळच कुठेतरी नदी निःशब्द वाहत होती. म्हातारी क्षणभर तिकडे पाहत राहिली. मग हळू आवाजात एक वाक्य बोलली, आणि तो हात खाली आला.

पुढचं लोक वेगवेगळं सांगतात. कुणी म्हणतं, दोघं रिकाम्या हातांनी परतले. कुणी म्हणतं, कारकुनानं पाठ फिरवली आणि तळघराचं दार उघडं ठेवलं. ज्याला जे आवडेल ते त्यानं मानावं. मी भांडणाला धुक्यासारखं विरघळवणारं ते वाक्य तेवढं सांगते. म्हातारी म्हणाली होती:

“बाळा, बुडवण्याआधी याच पायरीवर शिपाई प्रत्येकाला सांगत, ‘नुसता शपथेला हात वर कर आणि घरी जा’, पण तुझी खापरपणजी घरी आली नाही.”